दंडाचा घेर

तिच्या खालच्या जबड्यातले पुढचे दोन दात नवे होते. करवतीसारखी बारीक कड असलेले, दुधाच्या दातांपेक्षा रुंद आणि जरा पिवळट. मी तिच्यासमोर उकिडवी बसले होते. वर्गातली सगळी मुलं पाहुण्यांसाठी गाणं म्हणत होती, आणि गाण्यात तोंड उघडलं की मला ते दात दिसत होते. उंचीवरून मी तिला साडेतीन वर्षांची धरली होती. अकरा वर्षं मेळघाटातल्या अंगणवाड्यांमधून फिरले होते, त्यामुळे मुलाचं वय नजरेनं सांगायची सवय होती आणि माझा अंदाज सहसा चुकत नसे. पण असे दात साडेतीन वर्षांच्या मुलाला नसतात. ते येतात सहाव्या-सातव्या वर्षी. मी पुढच्या मुलाकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारच्याकडे. कुणाचे दात पडलेले, कुणाचे हलणारे, कुणाचे नवे. तिथे उभी असलेली सगळी मुलं सहा-सात वर्षांची होती आणि मला बराच वेळ वाटत होतं की आपण शिशुवर्गात आलो आहोत.

ही गोष्ट २००१ मधली, उत्तर कोरियातल्या हामहुंग शहराजवळची. मी तिथे आठ महिने होते. एका परदेशी मदतसंस्थेची स्वयंसेवक म्हणून गेले होते. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांची, गावांची नावंही लिहिणार नाही, आणि त्याचं कारण पुढे येईलच. इतकी वर्षं याविषयी लिहिलं नाही. नातवाला परवा पहिला पक्का दात आला. त्याच्या तोंडात बॅटरी मारून पाहताना ती रांग पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहिली.

मी माण तालुक्यातली. साताऱ्याच्या पूर्वेकडचा हा भाग ज्यांना माहीत आहे त्यांना आमच्या पावसाविषयी वेगळं सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. आई आणि दोघी चुलत्या पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात, आणि मी धाकट्या भावाला काखेत घेऊन कामाच्या कडेला बसलेली असे. दुपारी सुकडी मिळायची. गोडसर, पिवळसर भुगा. तो ओंजळीत घेऊन चाटायचा, आणि शेवटी तळहातही चाटायचा. रेशनवर लाल मिलो यायचा, अमेरिकेतून आलेली ती ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना घशात अडायची. आई म्हणायची, “गिळ. लांबनं आलीया.” लांबनं म्हणजे कुठून हे तिलाही माहीत नव्हतं.

पुढे शिकले, पोषणशास्त्र घेतलं, एकात्मिक बालविकास योजनेत मुख्यसेविका म्हणून लागले. मेळघाटातली वर्षं हे माझं खरं शिक्षण. वजनकाटा झाडाला टांगायचा, मूल झोळीत घालायचं, ते रडायचं, काटा हलायचा, तो स्थिर होईपर्यंत श्वास रोखून बसायचं. २००० मध्ये एका मैत्रिणीनं एक जाहिरात पाठवली. आशियातल्या ग्रामीण भागात कुपोषित मुलांबरोबर काम केलेल्या बाया-माणसांची गरज होती. अर्जात एक प्रश्न होता, कोरियन भाषा येते का? मी “नाही” लिहिलं आणि वाटलं, संपलं. नंतर कळलं की तेच उत्तर हवं होतं. कोरियन समजणाऱ्या परदेशी मदतनीसांना तिथलं सरकार येऊ देत नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा वडील एवढंच म्हणाले, “कोरिया? तिकडं थोरातसाहेब गेले होते की.” १९५३ मध्ये युद्ध थांबल्यावर कैद्यांची जबाबदारी घ्यायला भारतानं जे दल पाठवलं, त्याचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात कोल्हापूरकडचे. वडिलांच्या पिढीला ते घरच्यासारखे वाटत. आईनं मात्र विचारलं, “तितं बी दुष्काळ पडतो व्हय?” मी हो म्हटलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मग जा. आमाला बी कुनीतरी लांबनंच धाडलं हुतं.” मुलं तेव्हा शाळेत होती. ती आठ महिने तिनं सांभाळली.

बीजिंगहून रेल्वेनं निघालं की दुसऱ्या दिवशी दानदोंग येतं, आणि मग यालू नदीवरचा पूल. शेजारी दुसरा पूल आहे, कोरियन युद्धात बॉम्बनं तोडलेला. तो चीनच्या काठावरून निघतो आणि नदीच्या मध्यावर संपतो. नदीच्या अलीकडे दुकानं, पाट्या, गर्दी. पलीकडे सिनुइजू, आणि तिथं पहिल्यांदा जाणवली ती शांतता. माणसं होती, भरपूर होती, सगळी चालत होती. पाठीवर काहीतरी घेऊन रुळांच्या कडेनं चालणाऱ्या माणसांची रांग प्योंगयांग येईपर्यंत तुटली नाही.

आमचे सगळे व्यवहार एका सरकारी समितीमार्फत चालत. परवानगी, गाडी, दुभाषी, सगळं तिच्याकडून. तिचं नाव होतं पूर-नुकसान पुनर्वसन समिती. १९९५ च्या उन्हाळ्यात तिथे मोठे पूर आले, आणि त्या ऑगस्टमध्ये या देशानं, ज्यानं तोवर जगापुढे हात पसरला नव्हता, संयुक्त राष्ट्रांकडे उघडपणे मदत मागितली. पूर खरे होते. १९९६ मध्ये पुन्हा पूर आले, १९९७ मध्ये पाऊस पडला नाही. पण मी पोचले तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि समितीच्या नावातला पूर काही ओसरला नव्हता. आम्ही लिहायचो त्या प्रत्येक कागदावर तो असायचा. ‘दुष्काळ’ किंवा ‘उपासमार’ या अर्थाचा शब्द एकाही अधिकाऱ्याच्या तोंडून मी ऐकला नाही. त्या वर्षांना तिथे ‘खडतर वाटचाल’ म्हणतात. देशाचे संस्थापक किम इल सुंग यांच्या तरुणपणीच्या, जपान्यांशी लढतानाच्या एका बर्फातल्या कूचाचं ते नाव. माणसं अन्नावाचून मेली त्या वर्षांना लढाईतल्या कूचाचं नाव दिलं होतं.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला फार राग आला होता. मग एका रात्री आठवलं की आपणही हे केलं आहे. १९६३ मध्ये महाराष्ट्रानं एक कायदाच केला, राज्यात लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकण्यासाठी. त्या जागी टंचाई आली. आजही आपल्याकडे पाऊस दगा देतो तेव्हा आधी ‘टंचाईसदृश’ परिस्थिती येते, मग ‘दुष्काळसदृश’, आणि पुष्कळ कागद फिरल्यावर नुसता दुष्काळ. मेळघाटात मूल दगावलं की नोंदीत न्यूमोनिया यायचा, हगवण यायची, कमी वजनाचं बाळ यायचं. वरून विचारणा व्हायची ती ‘भूकबळी नाही ना?’ अशी. त्या नोंदी मी माझ्या हातानं लिहिल्या आहेत. आजार खोटे नसायचे. पण पोट भरलेलं मूल त्या आजारांनी सहसा मरत नाही, हे मला माहीत होतं आणि विचारणाऱ्यालाही माहीत होतं.

तरीही फरक होता, आणि तो लहान नव्हता. १९७२ मध्ये कायद्यात शब्द नव्हता, पण माझी आई दुष्काळाला दुष्काळच म्हणत होती, मुकादमासमोरसुद्धा. मुंबईत बाया थाळ्या-लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती, कारण काम मागायला येणाऱ्याला हाकलून देणं सरकारला परवडणारं नव्हतं. मेळघाटातली मुलांची मरणं वर्तमानपत्रांत आली, त्यावर उच्च न्यायालयात याचिका झाल्या, आम्हा कर्मचाऱ्यांना त्या बातम्यांचा त्रास झाला, आणि त्या त्रासातूनच पुढच्या वर्षी औषधं वेळेवर आली. हे मी पाहिलेलं आहे. हामहुंगच्या आईला ओरडायला कुठे जागा होती?

ते शहर मला अजून स्वप्नात येतं. हामहुंग आणि त्याला लागून असलेलं हुंगनाम बंदर हा देशाच्या कारखानदारीचा कणा. हुंगनामचा खतकारखाना जपानी काळापासूनचा. शेतीच्या साऱ्या मांडणीत तो मध्यभागी होता, कारण उत्तर कोरिया डोंगराळ देश आहे. लागवडीखाली येऊ शकते ती जमीन पाचव्या हिश्श्याहूनही कमी. थंडी लांब, हंगाम छोटा. अशा जमिनीतून सव्वादोन कोटींच्या आसपास माणसांना पुरेल इतकं पिकवायचं तर भरपूर रासायनिक खत हवं, आणि पाणी उचलायला विजेचे पंप हवेत. खताला आणि विजेला तेल-कोळसा हवा. तेल स्वस्तात यायचं ते सोव्हिएत संघाकडून. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच संपला. पाठोपाठ चीननंही रोखीनं पैसे मागितले. मग कारखाने थंडावले, पंप थांबले, खाणींत पाणी भरलं, डोंगरउतारावरची झाडं तोडून तिथे मका लावला गेला, आणि पाऊस आला तेव्हा ते उघडे उतार खालच्या भातखाचरांवर येऊन बसले. पूर हा शेवटचा घाव होता. मी हुंगनामच्या बाजूनं जितक्यांदा गेले तितक्यांदा चिमण्या मोजल्या. धूर असायचा तो दोन-तीनांतून.

आणि ही सगळी माणसं शहरातली. त्यांच्याकडे शेत नव्हतं, परसात कोंबडी नव्हती. धान्य मिळायचं ते सरकारी वाटपातून. कामगाराला दिवसाला सातशे ग्रॅम, जड काम करणाऱ्याला जास्त, म्हाताऱ्यांना आणि मुलांना कमी. १९७० च्या दशकापासून त्यातून थोडं थोडं कापलं जात होतं. १९९१ मध्ये ‘दिवसातून दोनदाच जेवू या’ अशी मोहीम निघाली. पुढे कधी पंधरवडा चुकला, मग महिना, मग वाटप केंद्राची दारंच उघडेनाशी झाली. ईशान्येच्या हामग्योंग प्रांतांना याची झळ सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त लागली. रेशन दुकान बंद असणं आणि बाजारही जवळपास बेकायदा असणं म्हणजे काय, याची कल्पना आपल्याकडच्या माणसाला करता येत नाही. आमच्याकडे रेशन नाही आलं तर आई मोठ्या खातेदाराच्या दारात उभी राहायची, सावकाराकडे जायची, माहेरी निरोप धाडायची, नाहीतर सरळ पुण्या-मुंबईला कुणाकडे जायची. तिथे एका परगण्यातून दुसऱ्यात जायलाही परवाना लागे. किती माणसं गेली याचे अंदाज फार वेगवेगळे आहेत. पुष्कळ अभ्यासक सहा ते दहा लाख म्हणतात, काहींचा आकडा याच्या दुपटी-तिपटीनं मोठा आहे. तिथे मोजायलाच कुणाला जाता आलं नाही.

मोजलं गेलं ते मुलांना, आणि मी जाण्याआधी तेही एकदाच नीट. १९९८ च्या शरद ऋतूत संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी आणि युरोपीय संघानं सरकारबरोबर पाहणी केली. सात वर्षांखालच्या मुलांत शंभरातली बासष्ट मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. सोळा मुलं उंचीच्या मानानंही वाळलेली होती. वाळलेलं मूल खाऊ घातलं तर महिन्याभरात भरून येतं, हे मी मेळघाटात शेकडो वेळा पाहिलंय. खुंटलेल्या उंचीचं तसं नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत जी वाढ बुडते तिच्यातली फार थोडी पुढे मिळते. त्या रांगेतली दात पडलेली मुलं म्हणजे ते बासष्ट. अहवालात वाचला होता तो आकडा माझ्यासमोर रांग धरून गाणं म्हणत होता.

गाणं संपल्यावर मुलांना वाडग्यातून लापशी दिली. मका आणि सोयाबीनचं पीठ, त्यात दुधाची पावडर, जीवनसत्त्वं. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीनं तिथल्याच कारखान्यांत ते पीठ आणि बिस्किटं तयार होत. शिक्षिकेनं मलाही चमचाभर दिली. जिभेवर ठेवली मात्र, आणि मी माणमधल्या त्या तलावाच्या बांधावर होते. तीच गोडसर, कच्चट चव. तेच चिकट टाळू. मला उठून खिडकीपाशी जावं लागलं. दुभाषी बाईंनी विचारलं, आवडलं नाही का? मी म्हटलं, लहानपणी मी हेच खाऊन वाढले. त्यांनी ते शिक्षिकेला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं असावं, कारण शिक्षिकेनं माझ्याकडे वर-खाली पाहिलं. माझी उंची बघत असाव्यात.

आता त्या प्रश्नाकडे येते जो मला परत आल्यापासून विचारला जातो. ते धान्य खरंच मुलांना जायचं का? की सैनिकांना, पुढाऱ्यांना? त्या राजवटीला जगवायला तुम्ही मदत केलीत का?

मी गेले त्याच्या आधीच काही संस्था याच प्रश्नावर तिथून बाहेर पडल्या होत्या. सीमापार डॉक्टरांची फ्रेंच संघटना १९९८ मध्ये निघून गेली, भुकेविरुद्ध काम करणारी दुसरी फ्रेंच संस्था २००० मध्ये. आपण ज्यांना दिलं त्यांच्यापर्यंत ते पोचतंय हे आपल्या डोळ्यांनी पाहता येत नसेल तर राहण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना मी चूक म्हणणार नाही. बालवाडीला भेट द्यायची तर कित्येक दिवस आधी कळवायचं. कोणत्या घरी जायचं ते समिती ठरवणार. देशातले चाळीसहून अधिक परगणे आम्हाला बंद होते. जागतिक अन्न कार्यक्रमाचा नियम होता, जिथे जाऊ देणार नाही तिथे धान्य नाही. नियम योग्यच होता, पण त्या चाळीस परगण्यांतल्या मुलांनी काय करायचं, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

मी राहिले ती दोन गोष्टींमुळे. पहिली गोष्ट मिलोनं शिकवली होती. आमच्या तालुक्यात गहू आला असता तर तो तलाठी, सरपंच, सावकार यांच्या घरांतून फिरून उरलासुरला आमच्यापर्यंत आला असता. मिलो मात्र थेट आला, कारण ज्याला दुसरं काही मिळत होतं तो मिलो खात नव्हता. तिथेही तांदळाचं पोतं वाटेत थांबायची भीती होती. मक्याला ती कमी. बाळांच्या पिठाला त्याहून कमी. ते पीठ कुठला अधिकारी घरी नेईल? काही पोती बाजारात जातच असणार. पण बाजारात गेलेलं पोतंही अखेर कुणाच्या तरी पोटातच जातं आणि मक्याचा भाव थोडा उतरतो, हे मला आठवडी बाजार पाहिल्यामुळे कळत होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ती मुलं. महिन्यामागून महिने मी त्याच परगण्यांतल्या त्याच पाळणाघरांत जात राहिले. तिथे मोजमाप करायला परवानगी नव्हती, नुसतं पाहायची होती. म्हणून मी केस पाहायची, तांबूस आहेत की काळे. पायावर सूज आहे का. मूल पाहुण्याकडे पाहतं की भिंतीकडे. उपाशी मूल रडत नाही, कुतूहलानं बघत नाही, बसवाल तिथे बसून राहतं. मेळघाटातल्या कोरकू आयांनी मला हे आधी शिकवलं होतं. सप्टेंबरपर्यंत एका पाळणाघरातली मुलं माझी पिशवी ओढायला लागली होती. तेवढ्यावर मी राहिले. २००२ च्या पाहणीत खुज्या मुलांचं प्रमाण चाळीसच्या आसपास आलं आणि वाळलेल्यांचं जवळजवळ निम्म्यावर, हे वाचलं तेव्हा मी साताऱ्यात होते आणि हातातलं काम सोडून आईला फोन केला होता.

मी तिथे होते त्या वर्षी मार्च ते जून पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मेमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं दिसत. विद्यार्थी, सैनिक, कार्यालयांतले लोक, सगळे शेतात. तिकडे मका पेरत नाहीत. मातीच्या छोट्या गोळ्यांत रोपं वाढवतात आणि मिरचीसारखी एक एक हातानं लावतात, कारण हंगाम इतका आखूड की बियाणं जमिनीत उगवायची वाट पाहणंही परवडत नाही. त्या लावलेल्या एकेका रोपाला बादलीनं, डब्यानं, जेवणाच्या वाडग्यानं पाणी घालत होते. आमच्या शेजारच्या आबांनी असं डाळिंब जगवलेलं मी पाहिलं होतं. मका जगवताना कुणाला पाहिलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं रोपाला पाणी घातलं आणि ओली माती दोन्ही हातांनी बुडाशी दाबली, वर कोरडी माती पसरली, म्हणजे ऊन ओलावा ओढणार नाही. आम्हीही असंच करतो. मला गाडीतून उतरून त्याला ते सांगायचं होतं. गाडी थांबत नसे.

दुभाषी बाईंविषयी लिहायला हवं. आठ महिने आम्ही बरोबर होतो. त्यांना दोन मुलं होती एवढं मला माहीत होतं. मी जे विचारायची ते त्या विचारत आणि येणारं उत्तर मला देत, पण कधी कधी समोरची बाई बराच वेळ बोलायची आणि मला दोनच शब्द मिळायचे, “पुरेसं आहे.” एकदा मी वैतागून म्हटलं, एवढंच बोलल्या का त्या? बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाल्या, “तुम्ही परत जाल.” मी पुन्हा तसं विचारलं नाही. त्या लबाडी करत नव्हत्या. समोरच्या बाईला वाचवत होत्या, आणि स्वतःलाही. नोव्हेंबरमध्ये निघताना मी त्यांना माझा लोकरी स्वेटर दिला. त्यांनी तो घेतला आणि समितीच्या दुसऱ्या माणसासमोर उलगडून दाखवला, मगच पिशवीत घातला.

पुढचं थोडक्यात. २००५ मध्ये सरकारनं सांगितलं की आता धान्याची मदत नको, पीक चांगलं आलं आहे. मोठा कार्यक्रम गुंडाळला, पुढे लहान स्वरूपात चालू राहिला. मुलांची उंची हळूहळू सुधारत गेली. २०१७ च्या पाहणीत खुजी मुलं शंभरात एकोणीसच्या आसपास होती, म्हणजे आपल्या देशापेक्षा पुष्कळ कमी, हेही इथे नोंदवलं पाहिजे. मग जानेवारी २०२० मध्ये महामारीमुळे सीमा मिटल्या. मार्च २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे शेवटचे परदेशी कर्मचारी तिथून निघाले. पाळणाघरात जाऊन मुलांचे केस तांबूस झालेत का हे बघणारं बाहेरचं कुणी तेव्हा उरलं नाही. त्या बातमीच्या दिवशी मी गूगलच्या नकाशावर ते शहर शोधलं. छपरं दिसतात. रस्ता दिसतो.

जे सांगायला बसले ते आता सांगते.

ऑगस्टमध्ये एका परगण्याच्या रुग्णालयातल्या मुलांच्या खोलीत मी होते. रुग्णालयात मोजमापाला परवानगी होती, आणि दंडाचा घेर मोजायची पट्टी माझ्या खिशात असे. लहान मुलाचा दंड एक वर्षापासून पाच वर्षांपर्यंत फारसा बदलत नाही, म्हणून वय माहीत नसलं तरी पट्टी सांगते. साडेबारा सेंटीमीटरच्या खाली धोका, आणि तेव्हाच्या मापानं अकराच्या खाली जीव टांगणीला. सलाइनच्या जागी बिअरची रिकामी बाटली उलटी टांगलेली होती, तिला रबराची नळी. खाटेवर दोनेक वर्षांचा मुलगा आणि त्याच्याजवळ त्याची आजी. आई दिसली नाही. मी विचारलंही नाही. त्याचा दंड अकरा पूर्णांक दोन भरला. डॉक्टरांना नोंदवही हवी होती, ती शेजारच्या खोलीत होती. ते आणि दुभाषी बाई ती आणायला गेले.

खोलीत आम्ही तिघंच राहिलो. आजीनं दाराकडे पाहिलं. मग तिनं माझ्या हातातली पट्टी घेतली, आपली बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि पट्टी माझ्या हातात परत ठेवली. तिचा चेहरा अगदी शांत होता. डॉक्टरांच्या समोर बसल्यावर माणूस हात पुढे करतो तसा तिनं हात पुढे केला. मी खांद्याचं हाड आणि कोपर यांच्यामधला मध्य शोधला, पट्टी गुंडाळली, खाचेतून ओढली. लहान मुलांची ती पट्टी मोठ्या बाईच्या दंडाला पुरायला नको. ती पुरली. मी आकडा वाचला, तिला पट्टी दाखवली. तिनं डोळे बारीक करून तो वाचला, मान हलवली आणि माझ्या मनगटाभोवती आपली दोन बोटं धरली, क्षणभरच. व्हरांड्यात पावलं वाजली. तिनं बाही खाली केली.

अहवालात त्या रुग्णालयातल्या चौदा मुलांची मोजमापं आहेत. मोठ्या माणसांचा रकाना त्यात नव्हताच. असता तरी मी भरला नसता, कारण दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं असतं, ही कोण. रात्री खोलीत माझ्या खासगी वहीत लिहिलं, मराठीत, तारखेशिवाय, गावाशिवाय. ती वही अजून आहे. त्या पानावर वरच्या ओळीत आईला न्यायच्या वस्तूंची यादी आहे, तिच्याखाली एकच ओळ: आजी, डावा दंड, सतरा पूर्णांक चार.